आरंभाचा धनी

ऐतिहासिक कादंबरीचे, आणि त्यातही जिच्या पोटात एखादी प्रेमकथा व त्या प्रेमकथेच्या पोटात एखादी श्रद्धा वास करीत असते अशा कादंबरीचे, पहिले वाक्य मुखोद्गत असणे ही रसिकतेची सनदच होय, असे मानणारा एक वाचकवर्ग आमच्या नांदेड-लातूरकडे आजही आहे. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली आणि ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ १९७२ साली प्रसिद्ध झाली. माधवराव-रमाबाई आणि बाजीराव-मस्तानी ही दोन युगुले त्या काळात मराठी घराघरांत जाऊन बसली, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या कथांची प्रवेशद्वारेही वाचकांच्या जिभेवर बसली. वाचनालयाच्या बाकावर दोन समानधर्मी भेटले की एकाने आरंभ म्हणावा, दुसऱ्याने ग्रंथ ओळखावा, आणि ‘याला म्हणतात सुरुवात’ असे म्हणून दोघांनीही मान डोलवावी, हा खेळ मी पुष्कळदा ऐकला आहे आणि, खोटे कशाला बोला, आवडीने खेळलोही आहे.

त्या मान डोलावण्यात नेमकी कशाची वाहवा होते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आणि विचारलेच तर उत्तर ठरलेले असते, की लेखकाने पहिल्याच वाक्यात वाचकाला जखडून टाकले. म्हणजे आरंभ हा लेखकाचा पराक्रम, वाचक हा त्या पराक्रमाचा बंदिवान, आणि कथा ही लेखकाला वंशपरंपरा बहाल झालेली जहागीर, असा हा सरळ जमाखर्च आहे. तो मला पटत नाही, आणि माझे सोडा, ज्या मुलखात मी हे लिहितो आहे त्या मुलखातील प्रेमकथांनी व देवकथांनी (या दोहोंमध्ये शीव आखणे येथे कठीणच) तो कधीही मंजूर केलेला नाही. कथेचा आरंभ हा सांगणाऱ्याच्या मालकीचा असतो काय, आणि नसेल तर त्या आरंभाचा धनी कोण, हा प्रश्न वरकरणी साहित्यशास्त्राचा दिसत असला तरी मुळात तो धर्माचा प्रश्न आहे. कारण मनुष्य जे जे काही आरंभतो, प्रेमसुद्धा, ते त्याच्यापासून सुरू होते की केवळ त्याच्यापर्यंत येऊन पोहोचलेले असते, याचा निवाडा त्यात गुंतलेला आहे.

माहूर हे नांदेड जिल्ह्यातील रेणुकेचे ठाणे. तिचा गोंधळी संबळ-तुणतुण्याच्या साथीने उभा राहतो तेव्हा आख्यानाला हात घालण्यापूर्वी तो देवदेवतांना, ज्याच्या त्याच्या गावाचे नाव घेऊन, गोंधळाला पाचारण करतो. तुळजापूरची भवानी येते, माहूरची रेणुका येते, जेजुरीचा खंडोबा येतो, पंढरीचा विठोबा येतो, आणि मागाहून आसपासच्या गावठाणांतील लहानसहान दैवतांचीही हजेरी लागते. नागर श्रोता या वेळी चुळबूळ करतो, त्याला कथा हवी असते. परंतु खेड्यातील माणूस ही नामावळी अशा अवधानाने ऐकतो की जणू वराकडची मंडळी मांडवात येत आहेत आणि कोणाचा मान राहून जात नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी त्याच्यावरच आहे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत वाघ्या-मुरळीचे जागरण ज्यांनी ऐकले असेल त्यांना हा अनुभव अधिकच तीव्रतेने आला असेल. कारण तेथे जी कथा सांगितली जाते ती घरी म्हाळसेसारखी पत्नी असताना बाणाईच्या ओढीने धनगराच्या वाड्यावर मेंढरे राखायला राहिलेल्या देवाची, म्हणजे शिष्टसंमत मर्यादा ओलांडणाऱ्या प्रेमाची असते, आणि अशी कथा ज्याची आहे त्याला आधी समोर आणून बसविल्यावाचून सांगू नये, असा त्या कलावंतांचा अलिखित दंडक आहे. परोक्ष सांगितलेली प्रेमकथा ही चहाडी होते. प्रत्यक्ष सांगितलेली असेल तरच ती उपासना होऊ शकते.

ग्रंथांच्या आरंभी मंगलाचरण करण्याची जी वहिवाट आहे तिचे मूळही मला याच दंडकात दिसते. आलंकारिकांनी मंगलाचे तीन प्रकार सांगितले आहेत: आशीर्वाद, नमस्कार आणि वस्तुनिर्देश. पहिल्या दोहोंत देवता प्रकट असते. तिसऱ्यात केवळ विषय दाखविला जातो व त्या विषयाचे दर्शन हेच मंगल समजले जाते. कालिदासाने ‘कुमारसंभव’ लिहिले, म्हणजे शिव-पार्वतीचा विवाह लिहिला, आणि त्याचा आरंभ कोणत्याही देवाला वंदन न करता उत्तर दिशेच्या एका पर्वताने केला. हिमालय हा त्या कथेत नायिकेचा पिता आहे; तेव्हा प्रेमकथेच्या दारात सर्वप्रथम मुलीचा बाप भेटतो, ही योजना कवीची आहे तितकीच व्यवहाराचीही आहे. तर्कशास्त्राच्या प्रांतातील एक दाखला त्याहून चमत्कारिक आहे. विश्वनाथ न्यायपंचानन यांची ‘कारिकावली’ हे न्यायाचे प्राथमिक पाठ्यपुस्तक, त्यात द्रव्य, गुण, कर्म, सामान्य यांचा रुक्ष पसारा. आणि त्याच्या पहिल्याच श्लोकात वंदन आहे ते गोपींची वस्त्रे पळविणाऱ्या कृष्णाला. पिढ्यान्‌पिढ्या शेंडीला गाठ मारून पदार्थांची लक्षणे घोकणाऱ्या विद्यार्थ्यांनी शास्त्राचा उंबरठा या शृंगारातून ओलांडला आहे, आणि त्यात कोणाला विसंगती वाटल्याचे ऐकिवात नाही.

याच नैयायिकांनी आरंभाचा प्रश्न जितक्या निष्ठुरपणे तपासला तितका तो आमच्या आजच्या समीक्षकांनीही तपासलेला नाही. गंगेशोपाध्यायांचा ‘तत्त्वचिंतामणि’ हा नव्यन्यायाचा मूळ ग्रंथ मंगलवादानेच सुरू होतो. प्रश्न असा की मंगल केल्याने ग्रंथ तडीस जातो, हे म्हणणे पुराव्यावर टिकते काय? पूर्वपक्षाने दोन साक्षी उभ्या केल्या. बाणभट्टाने ‘कादंबरी’च्या आरंभी मंगल केले, तरी तो ग्रंथ त्याच्या हातून पुरा झाला नाही, उलट नास्तिकांनी मंगल न करता ग्रंथ लिहिले आणि ते सुखरूप पुरे झाले. कारण असून कार्य नाही व कारण नसून कार्य आहे, मग कार्यकारणभाव उरला कोठे? उत्तरपक्षाने दिलेला जबाब वाचताना आधुनिक मनुष्य हसतो, आणि मीही प्रथम हसलो होतो. जेथे मंगल असून समाप्ती नाही तेथे विघ्ने मंगलापेक्षा बलवत्तर किंवा संख्येने अधिक होती असे समजावे, आणि जेथे मंगल नसून समाप्ती आहे तेथे ते पूर्वजन्मी घडले असल्याचे अनुमान करावे. न्यायालयात असा जबाब कोणी दिला असता तर पंचांनी तो दप्तरी दाखल करून घेतला नसता. तथापि या जबाबातील सूक्ष्म गोष्ट अशी आहे की नैयायिक येथे मंगलाला ग्रंथाच्या पहिल्या पानावरून उचलून ग्रंथकाराच्याही जन्मापलीकडे नेऊन ठेवतात. लिहिलेली पहिली ओळ हा आरंभ नव्हे. खरा आरंभ मनात, वाणीत, फार तर मागच्या जन्मात होऊन गेलेला असतो, आणि तो कागदावर मांडावयाचा तो केवळ शिष्यांना कळावा म्हणून, असे त्यांचे स्पष्ट म्हणणे आहे. ‘पहिल्याच वाक्यात जखडून टाकले’ या वाहवेतील लेखकाचा अहंकार इतक्या शांतपणे दुसऱ्या कोणी उतरविल्याचे मला माहीत नाही.

आता ज्या कथेने मराठीत प्रेम आणि भक्ती यांचा संसार प्रथम मांडून दिला तिच्याकडे वळले पाहिजे. ती कथा रुक्मिणीची होय. गोविंदप्रभूंना लहर आली म्हणून ऋद्धिपुरास त्यांच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला, आणि त्या प्रसंगी महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गायिले. मराठीतील पहिल्या कवयित्रीचे पहिले काव्य अशा रीतीने लग्नगीत आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस, १२९२ च्या सुमारास, देवगिरीच्या दरबारी नरेंद्र कवीने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. रामदेवराव यादवाने ते ऐकले, त्याला ते इतके आवडले की ग्रंथ आपल्या नावावर करून द्यावा व त्याबद्दल ओवीमागे सोन्याचे नाणे घ्यावे, असे त्याने सुचविले. कवीने आपल्या कविकुळाला बोल लागेल म्हणून नकार दिला आणि जेवढ्या ओव्या स्मरणात होत्या तेवढ्या बरोबर घेऊन तो महानुभावांच्या आश्रयाला गेला, अशी त्या पंथाच्या ‘स्मृतिस्थळा’तील हकीकत आहे. पुढे पैठणच्या एकनाथांनी १५७१ साली वाराणसीत आपले अठरा प्रसंगांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ पुरे केले. आणि नांदेडकर ज्यांना आपल्या गावचे मानतात त्या वामन पंडितांनी सतराव्या शतकात याच कथेतील एकच धागा वेगळा काढून ‘रुक्मिणीपत्रिका’ लिहिली.

हा धागा म्हणजे रुक्मिणीचे पत्र, आणि मला असे वाटते की स्मरणीय आरंभांची चर्चा करावयाची तर तिचा पहिला मान या पत्राच्या आरंभाला दिला पाहिजे. भागवताच्या दशम स्कंधात ते सात श्लोकांचे आहे. रुक्मी या भावाने शिशुपालाशी लग्न ठरविले आहे, मुहूर्त जवळ आला आहे, आणि विदर्भाची ही राजकन्या एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती द्वारकेस निरोप पाठविते. तिने कृष्णाला पाहिलेले नाही. घरी येणारे-जाणारे त्याचे गुण गात, ते तिने ऐकले, एवढेच; आणि पत्राचा आरंभही ती याच कबुलीने करते की तुझे गुण कानांवाटे आत शिरले, अंगाचा ताप त्यांनी हरण केला, आणि माझे चित्त लाज सोडून तुझ्या ठायी जडले. येथे थोडे थांबले पाहिजे. इतिहासातील किंवा पुराणातील एखादी तरुणी पत्र लिहिते तेव्हा ‘मी तुझ्यावर प्रेम करते’ असा कर्तरी प्रयोग आपण आज अपेक्षितो. रुक्मिणीच्या आरंभात मात्र कर्तेपण तिचे नाही. गुण हे कर्ते, कान ही वाट, चित्त हे ओढले गेलेले. आणि गुण तरी तिच्यापर्यंत आणले कोणी, तर नाव-गाव नसलेल्या वाटसरूंनी. तिच्या प्रेमाचा आरंभ तिच्या पत्रात नाही, पत्राच्या आधीच्या श्रवणात आहे, आणि त्या श्रवणाच्याही आधी कोणाच्या तरी गाण्यात आहे. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिली पायरी का म्हणावे, याची पुष्कळ कीर्तने मी ऐकली. पण रुक्मिणीने ते सात श्लोकांत जितके उघड केले तितके कोणत्याही पूर्वरंगात उघड झालेले मला आठवत नाही.

आणि असे असूनही ती परतंत्र दिसत नाही, हा या पत्राचा खरा विलक्षणपणा आहे. पुढच्या श्लोकांत ती कोणत्या दिवशी, कुलदेवीच्या यात्रेच्या वेळी, कोठून मला न्यावे याची इतकी व्यवहारचतुर योजना आखून देते की एखाद्या कारभाऱ्यानेही तिच्यापुढे मान तुकवावी. ज्याने आरंभाचे कर्तेपण सोडले त्याला कृतीचे कर्तेपण सोडावे लागत नाही. किंबहुना आरंभाचे ओझे डोक्यावर नसल्यामुळेच त्याचे हातपाय मोकळे राहतात. एकनाथांनी या विवाहात जीव आणि शिव यांचे ऐक्य पाहिले, ते या दृष्टीने अगदी उचित आहे. जीवाला शिवाची ओढ लागते ती जीवाच्या पुरुषार्थाने नव्हे. पण लागल्यावर पुरुषार्थ करावा लागतोच.

एकनाथांच्या या ग्रंथाला आमच्याकडे एक वेगळेच भाग्य लाभले. उपवर मुलीने त्याचे पारायण करावे म्हणजे मनासारखे स्थळ मिळते, या श्रद्धेने लाल फडक्यात गुंडाळलेली ती पोथी पिढ्यान्‌पिढ्या माजघरात वाचली गेली. निजामी अमदानीत, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, कचेरीचा कारभार उर्दूत चालत होता. मराठी ही घरात, पोथीत आणि बायकांच्या तोंडी मुख्यत्वे जगली. शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे अनुबंधचतुष्टय सांगावे लागते. त्यांतील अधिकारी, म्हणजे हा ग्रंथ वाचण्याची पात्रता व गरज कोणाला आहे, हे ठरविण्याचे काम पंडितांनी आपल्याकडे ठेवले होते. या मुलींनी ते त्यांच्या हातून काढून घेतले. सुधारकांनी या प्रथेची थट्टा केली, आणि पोथी वाचून वर मिळतो या समजुतीची थट्टा होण्यात गैर काही नाही. तथापि जिच्या लग्नाचा विचार बाप, चुलते आणि मध्यस्थ करीत होते, तिच्या हाती भावाने ठरविलेले लग्न मोडून स्वतः पत्र धाडणाऱ्या राजकन्येची कथा व्रत म्हणून पडत होती, हे त्या थट्टेत कोणाच्या ध्यानी आले नाही. व्रताच्या आवरणाखाली बंडाचा पाठ चालला होता. पोथी हाती देणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे समजत नव्हते की समजूनही ते डोळेझाक करीत होते, हे सांगणे अवघड आहे; मला दुसरा पर्याय अधिक संभवनीय वाटतो.

याच्या उलट टोकाला नरेंद्राचा ग्रंथ. महानुभावांनी आपले वाङ्मय सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरविले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे प्रभृतींनी त्या लिप्या उलगडीपर्यंत ते पंथाबाहेरच्या जगाला बंद राहिले. मराठीतील एक उत्कृष्ट प्रेमकाव्य सहाशे वर्षे कुलूपबंद होते, त्याची किल्ली माहूरसारख्या ठिकाणच्या मठांतील मोजक्या माणसांकडे होती. पहिली ओळ डोळ्यांपुढे असूनही वाचता येत नाही, तेव्हा आरंभाची मालकी सांगणाऱ्याकडे नाही, ऐकणाऱ्याच्या पात्रतेकडे आहे, हे कळायला दुसऱ्या शास्त्राधाराची जरूर पडत नाही. राजाला जे सोन्याने मिळाले नाही ते पुढे भिक्षूने स्मरणाने जपले. पण जपता जपता त्याने ते लपविलेही, आणि या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी त्याला पुरती माफी देऊ शकत नाही.

बहामनी आणि त्यानंतरच्या शाह्यांच्या काळात उदगीर, औसा, कंधार या किल्ल्यांच्या परिसरात प्रेमकथेची आणखी एक रीत वावरत होती. फारसी मस्नवीचा क्रम बांधलेला: आधी ईश्वराची स्तुती म्हणजे हम्द, मग पैगंबराची स्तुती म्हणजे नात, मग आश्रयदात्या बादशहाची तारीफ, मग ग्रंथ का लिहिला त्याची हकीकत, आणि एवढे झाल्यावर नायक-नायिका. विजापूरच्या नुस्रतीने १६५७ साली ‘गुलशन-ए-इश्क’ दख्खनीत लिहिली ती मनोहर आणि मधुमालती यांच्या प्रेमाची, म्हणजे कथा इथल्या मातीची व उंबरठा इराणी. या उंबरठ्यांपैकी बादशहाच्या स्तुतीचा भाग मला नेहमी खटकतो. देवाच्या खालोखाल पगार देणाऱ्याचे नाव घेणे यात भक्तीपेक्षा हिशेब अधिक दिसतो. रामदेवरावाने नरेंद्राकडे मागितले ते याहून फार वेगळे नव्हते. परंतु त्याच फारसी परंपरेत एक दुसरी चाल आहे जी या सगळ्यावर मात करते. हाफिजचा दिवाण मिटल्या डोळ्यांनी उघडावा आणि जे पान निघेल त्यात आपल्या प्रश्नाचा कौल पाहावा, याला फाल काढणे म्हणतात. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात हाफिजची अशी एक प्रत आहे जिच्या समासात हुमायून आणि जहांगीर यांनी आपापल्या कौलांची टिपणे स्वहस्ते करून ठेवली आहेत. बादशहाने प्रेमाच्या गझलेपुढे फिर्यादीसारखे उभे राहावे आणि ग्रंथाने त्याला आपली पहिली ओळ स्वतः निवडून द्यावी, हा उलटा दरबार मला फार आवडतो.

नांदेडकराला या चालीचे नवल वाटू नये, कारण गोदावरीकाठी ती त्याच्या डोळ्यांपुढे नित्य घडते, फक्त तिचे गांभीर्य कितीतरी पटीने मोठे आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी याच गावी देह ठेवण्यापूर्वी गुरू ग्रंथ साहिबालाच पुढचे गुरू म्हणून स्थापिले. सचखंड हजूर साहिबात ग्रंथ उघडला जातो आणि डाव्या पानाच्या माथ्यावर जे शबद येईल तो त्या दिवसाचा हुकूमनामा होतो. यातील एक बारकावा मला अनेक तत्त्वज्ञांच्या ग्रंथांहून मोलाचा वाटतो: माथ्यावर येणारे शबद आदल्या पानावर सुरू झालेले असेल तर वाचणारा पान मागे उलटतो आणि जेथून ते खरोखर आरंभते तेथून वाचतो. म्हणजे उघडलेल्या पानावरची पहिली ओळ ही पहिली ओळ नसते. आरंभ मागल्या पानावर असतो, आणि तिकडे जाणे हे वाचणाऱ्याचे कर्तव्य असते. ग्रंथ साहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, तेव्हा एखाद्या सकाळी हिंगोली जिल्ह्यातील नरसीच्या शिंप्याची वाणी हुकूम म्हणून निघणे अशक्य नाही. हजूर साहिबात दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो, आणि त्यातील ‘कृष्णावतारा’त रुक्मिणीच्या विवाहाची कथा आहे, वामन पंडितांच्या गावी रुक्मिणी अशी दोन दारांनी आली.

आधुनिक कादंबरीने हे सगळे उंबरठे मोडून टाकले, असे समजण्याची पद्धत आहे. मला ते अर्धेच खरे दिसते. ऐतिहासिक कादंबरीचा जनक म्हणविला जाणारा वॉल्टर स्कॉट १८१४ साली प्रसिद्ध झालेली ‘वेव्हर्ली’ लिहावयास बसला तेव्हा त्याने सबंध पहिले प्रकरण ग्रंथाचे नाव असेच का आणि दुसरे का नाही या चर्चेत घालविले. इटलीच्या मान्झोनीने १८२७ साली एका जुलमी सरदारामुळे ताटातूट झालेल्या वाग्दत्त वधूवरांची, ईश्वरी योजनेवरील निष्ठेने ओथंबलेली कादंबरी प्रसिद्ध केली, तिच्या प्रारंभी हे सर्व आपण सतराव्या शतकातील एका अनामिकाच्या हस्तलिखितावरून घेतल्याचे लटके निवेदन केले, आणि नंतर कथेला हात घातला तो कोमो सरोवराच्या आणि त्यावरील डोंगरांच्या वर्णनाने. कालिदासाच्या हिमालयाशी याचे नाते सांगण्याची आवश्यकता नाही. लटके हस्तलिखित ही केवळ युक्ती खरी. पण ‘हे माझ्यापासून सुरू झालेले नाही’ असे म्हटल्यावाचून त्या श्रद्धाळू लेखकाचीही लेखणी पुढे सरकली नाही, हे तिच्यातून कळतेच.

आपल्याकडे १८५७ साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिली. मराठीतील ही पहिली कादंबरी, आणि ती एका धर्मांतरिताने धर्मोपदेशासाठी लिहिलेली. यमुना आणि विनायक या परस्परांवर अनुरक्त दांपत्याचा प्रवास तीत आहे. तिचे मंगल मुखपृष्ठावरच उरकलेले आहे, कारण ‘अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ हे उपनाव म्हणजे निव्वळ वस्तुनिर्देश होय. गणपती गेला, सरस्वती गेली, त्यांच्या जागी दुःख आले. एखाद्या कथेचा धनी तिच्यातील पीडित माणसे असतात, हे मराठी गद्याने येथे प्रथम उच्चारले, आणि पदमनजींचा उपदेश ज्यांना रुचत नाही त्यांनीही त्यांना हे श्रेय दिले पाहिजे.

शेवटी नांदेडचाच सर्वांत विलक्षण दाखला. रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’ १९६८ साली आली. तिचा पहिला प्रवेश कोणता, असे चोखंदळ वाचकास विचारले तर तो कादंबरीच्या पहिल्या प्रकरणाकडे बोट न दाखविता तिच्या प्रस्तावनेकडे दाखवील, आणि ती प्रस्तावना नांदेडच्या पीपल्स कॉलेजातील नरहर कुरुंदकरांनी लिहिलेली, लेखकाला उद्देशून पत्ररूपाने लिहिलेली. कुरुंदकर (१९३२ ते १९८२) आपले नास्तिकत्व कधी लपवीत नसत. देवाचे नाव न घेणाऱ्या या माणसाने महाराष्ट्राच्या सर्वांत लाडक्या राजाच्या कादंबरीच्या दारात उभे राहून काय केले? साधने तपासली, दंतकथा आणि पुरावा यांची वाटणी केली, राजाच्या थोरवीचे खरे कारण कोठे शोधावे याची चर्चा केली, आणि कादंबरीकाराला स्नेहाने व कठोरपणाने सांगितले की तू ज्यावर लिहितो आहेस ते तुझ्या कल्पनेच्या आधीचे व कल्पनेपेक्षा मोठे आहे. मंगलाचरण याहून वेगळे काय करते? नैयायिकांना विचारले असते तर नास्तिकाच्या ग्रंथात मंगल आढळत नसल्यास ते जन्मांतरीचे समजावे, असे ते म्हणाले असते. कुरुंदकरांनी त्यांना इतके लांब जाण्याची तसदी दिली नाही. देवतेच्या जागी त्यांनी सत्य ठेवले, आणि वंदन तेवढे कायम राहिले. भाविक वाचक ही प्रस्तावना ओलांडून कथेत शिरतो, चिकित्सक वाचक पुष्कळदा कथा सोडून प्रस्तावनेतच रमतो. या दुसऱ्या वर्गात मी मोडतो, हे मला मान्य आहे.

नैयायिकांनी साक्षीला बोलाविलेल्या ‘कादंबरी’ची जबानी मात्र अपुरीच राहिली. ती कथा पुंडरीक व महाश्वेता, चंद्रापीड व कादंबरी यांच्या प्रेमाची. आणि ते प्रेम असे, की एका जन्मात ज्याचा उगम सापडत नाही, मरण आड येते, शाप आड येतो, आणि ज्याला आपण आरंभ समजत होतो तो मागच्या जन्मातील प्रकरणाचा उत्तरार्ध निघतो. जन्मांतरीच्या मंगलाची जी कल्पना तर्काच्या पुस्तकात हास्यास्पद वाटली तिच्यावरच हा सारा ग्रंथ उभा आहे. बाणाच्या हातून तो तुटला तो एका निरोपाच्या मध्येच: पत्रलेखा चंद्रापीडाला कादंबरीची अवस्था तिच्याच शब्दांत सांगते आहे, आणि बाणाचे शब्द थांबतात. पुढचा भाग त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, लिहिला. कथा अर्ध्यावर असताना त्याने पुन्हा मंगल केले; दोन देहांचे दोन अर्ध जोडून एक झालेल्या शिव-पार्वतीला वंदन केले, उरलेली अवघड कथा तडीस जावी म्हणून; वडिलांना वंदन केले; त्यांच्या वाणीबरोबर कथेचा ओघही खंडित झाला याचे सज्जनांना दुःख आहे म्हणून आपण हे आरंभितो, कवित्वाच्या गर्वाने नव्हे, असे सांगितले; आणि पत्रलेखेचे बोलणे जेथे तुटले होते तेथूनच पुढे चालू केले.